बावीस डबे आणि एक प्रोजेक्टर

४ जानेवारी २०२५, शनिवार

यतीनच्या औषध कंपनीने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली आणि दरवर्षीप्रमाणे त्याने ती फ्रिजवर टाकली. यंदा मी उचलली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्लडप्रेशर गोळ्यांनी उतरेल, पण राग कुठेतरी काढत जा. घरात ती सोय नाही. इरा म्हणते, "मम्मा, चिल." यतीन म्हणतो, "बघू." आणि सासऱ्यांवर राग काढायची आमच्याकडे पद्धत नाही. खरं म्हणजे त्यांच्याशी बोलायचीच फारशी पद्धत नाही. चहा ठेवताना "बाबा, चहा", पानं वाढल्यावर "बाबा, जेवायला", बाकी सगळं यतीनमार्फत. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या आणि बाबा मोहालीचा फ्लॅट सोडून आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून हे असंच चाललंय आणि उत्तम चाललंय.

तर आजचा राग. बाबांनी स्लाइड प्रोजेक्टर विकत आणला.

चंदीगडच्या सेक्टर बावीसमधला कुठलासा फोटो स्टुडिओ बंद होतोय, तिथून. अठराशे रुपयांत. केवढं स्वस्त, असं यतीनला तीनदा सांगून झालं. पोळ्यांच्या डब्याएवढा उंच, शिवणयंत्राएवढा जड, वर गोल ट्रे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने तो रिक्षातून आणून जिना चढवून पहिल्या मजल्यावर आणला. आणि हे कधी? तर तेवीस फेब्रुवारीला ते कायमचे पुण्याला, मोठ्या मुलाकडे, शिशिर भाऊजींकडे चाललेत, तिकीट काढून झालंय, तेव्हा! जाताना माणूस सामान कमी करतो की वाढवतो?

पुण्याचं बाबांनी आपण होऊन ठरवलं. यतीनच सांगत आला की त्यांना इथली थंडी आता सोसत नाही. सगळ्यांच्याच सोयीचं झालं म्हणा. इरा एप्रिलमध्ये दहावीत जाईल. दोन खोल्या आणि हॉल एवढंच घर, तिला अभ्यासाला एक दार लावता येईल अशी खोली हवीच. म्हणजे सात आठवडे काढायचे आहेत. काढू.

५ जानेवारी, रविवार

हॉलची भिंत रिकामी हवी म्हणून कॅलेंडर, घड्याळ आणि माझी कच्छी भरतकामाची फ्रेम काढली. टीव्ही जमिनीवर. खिडक्यांतून उजेड येतो म्हणून तिथे रजया टांगल्या. बाहेर सहा डिग्री तापमान, शाळांना थंडीची सुट्टी वाढवून दिलेली, आणि आमच्या रजया खिडकीला!

दुपारी तीन वाजता आम्ही सगळे अंधारात बसलो. पंखा घरघरला, जळक्या धुळीचा वास आला, भिंतीवर पांढरा चौकोन आला. बाबांनी काढलेल्या जुन्या स्लाइड्सपैकी पहिलीत काळ्या रेघा. दुसऱ्या स्लाइडमध्ये काळ्या रेघा, जरा बारीक. तिसऱ्या स्लाइडला टप्प करून बल्ब गेला.

"दॅट्स इट?" इरा म्हणाली.

बाबा म्हणाले, "यतीन, बल्ब मिळेल का बघायला हवं."

यतीन म्हणाला, "बघू."

८ जानेवारी, बुधवार

बघू म्हणजे मी बघू.

आज चार दुकानं फिरले. चोवीस व्होल्ट, दीडशे वॉट, दोन टाचण्यांसारखे पाय असलेला हॅलोजन. पहिला म्हणाला एलईडी घ्या. दुसऱ्याने मोटारीचा काढून दाखवला. तिसरा म्हणाला, "मॅडम जी, ये चीज़ अब आती ही नहीं." चौथ्याने बल्ब उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाभीजी, ये तो डेंटिस्ट वाला है. कुर्सी के ऊपर जो लाइट होती है." मग दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवणारं दुकान शोधलं. तिथे एका काउंटरवर कवळ्यांचे नमुने हसत होते, त्यांच्यामागून त्याने डबी काढली. मी दोन घेतले. एक गेला तर पुन्हा ही वणवण कोण करणार?

हे सगळं मी त्या डब्यांचा एकदाचा निकाल लागावा म्हणून केलं. बावीस डबे आहेत स्लाइड्सचे. पलंगाखाली, माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे. बघून, निवडून, नको ते टाकून दिलं तर पुण्याला न्यायला दोनच उरतील. विमानात पंधरा किलोच नेऊ देतात.

डबी टेबलावर ठेवली. बाबांनी चष्मा लावून तिच्यावरची अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे." आणि त्यांच्या खोलीत गेले. धन्यवाद वगैरे शब्द या घराण्यात माहीत नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार

बाबा सकाळी सहाला पार्कात फेऱ्या मारायला गेले. समोरचं झाड दिसत नव्हतं इतकं धुकं, आणि हे बिनकानटोपीचे! परत आले ते चक्क गुणगुणत. थंडी सोसत नाही ना? मग?

दुपारी यतीन ऑफिसात, इरा मैत्रिणीकडे. बाबा हॉलमध्ये येऊन उभे राहिले. कुणामार्फत बोलावं ते त्यांना कळेना. शेवटी प्रोजेक्टरकडे बघत म्हणाले, "बल्ब बदलायचा आहे. तू बदल."

मी? तुम्ही सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं भिंगं घासलीत, आणि बल्ब मी बदलू? पण बोलायची पद्धत नाही, म्हणून बदलला. उघड्या बोटांनी काचेला हात लावायचा नाही हे त्यांनी सांगायच्या आतच मी रुमाल घेतला होता. बोटाचं तेल लागलं की बल्बची क्वार्ट्झची काच तिथून फुटते, हे मी अकरावीच्या वर्गाला दरवर्षी सांगते. बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. जरा बरं वाटलं.

मग सुरूच झालं. स्लाइड डोकं खाली पाय वर अशी घालायची. चकाकी नसलेली बाजू भिंतीकडे. दिवा आधी बंद, पंखा पाच मिनिटं तसाच चालू, घाई करायची नाही. स्लाइड गरम झाली की फुगते आणि चित्र विस्कटतं, तेव्हा लगेच फोकस फिरवायचा नाही, ती स्थिरावेपर्यंत थांबायचं. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं. मग मला करून दाखवायला लावलं. मी बी.एड. आहे, मला माहीत आहे हे कसं शिकवतात. पण मलाच कशाला? यतीनला शिकवा, मुलगा आहे तुमचा. स्वतःच्या हाताने करायचा कंटाळा आणि घरात फुकटची शिक्षिका सुट्टीवर. दुसरं काय?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ झाला. खालच्या मालकीणबाई बीजींनी लोहडी सणाच्या रेवड्या दिल्या, मी गुळाच्या पोळ्या दिल्या. दुपारी पहिला पूर्ण डबा बघितला, मग आणखी दोन-तीन. मी ट्रेपाशी, बाबा फोटोंच्या नोंदींचं जुनं रजिस्टर घेऊन खुर्चीत.

स्लाइड एक ते एकतीस: रेघा. जाड रेघा, बारीक रेघा, चौकटी, ठिपके. भिंगाची परीक्षा घ्यायला अशा रेघांचे तक्ते लावून फोटो काढायचे म्हणे. रोल छत्तीस फोटोंचा. भिंगाचं काम तिसांत आटोपलं की उरलेल्या चार-पाच फोटोंत बाबा घरच्यांना काढायचे. म्हणजे माझ्या नवऱ्याचं बालपण हे सरकारी कामातून उरलेलं आहे.

बत्तिसावी स्लाइड लावली आणि आई दिसल्या. माझ्या सासूबाई, वसुधा, पंचविशीच्या. हिरवी साडी, मागे सरकारी क्वार्टरची गच्ची, आणि हातात छातीशी धरलेला एक करडा पुठ्ठा.

"हे काय?" मी विचारलं. थेट. तोंडातून निघून गेलं.

"ग्रे कार्ड. उजेड मोजायला. हे बरोबर आलं की पुढचे सगळे रंग बरोबर येतात."

पुढच्या डब्यातही आई आणि पुठ्ठा. त्याच्या पुढच्या डब्यातही. पिंजोर गार्डनमध्ये पुठ्ठा, गुलाबांच्या बागेत पुठ्ठा. यतीनच्या बारशाला, बाळंतिणीच्या हातात, पुठ्ठा! मी हसले. इतकी हसले की स्लाइड पुढे सरकवायची राहिली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी ती पुढे सरकवायलाही सांगितलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

शाळा सुरू झाली. आता रोज साडेतीनला घरी आले की चहा आणि एक डबा. आज मुलांच्या वह्या, इथल्या भाषेत कॉप्या, तपासायच्या होत्या तरी बसले, कारण मी बसले नाही तर बाबा सुरूच करत नाहीत. खुर्चीत रजिस्टर घेऊन वाट बघत राहतात. जुलूम आहे नुसता.

डबे बघून झाले की बाबा दोन ढीग करतात. मला वाटलं, ठेवायच्या आणि टाकायच्या. आज नीट बघितलं तर एका ढिगात नुसती माणसं, दुसऱ्यात नुसत्या रेघा. रेघांचा ढीग त्यांनी पुण्याच्या बॅगेत भरला. आई, दोन्ही मुलं, पिंजोर, बारसं हे सगळं इथेच टेबलावर ठेवलं. म्हणजे बायकोचे फोटो मागे ठेवून हा गृहस्थ रेघा घेऊन चाललाय! मला त्या माउलीची दया आली. तीस वर्षं पुठ्ठा धरून उभी राहिली, आणि मिळालं काय?

यतीनला म्हटलं, बाबांना विचार असं का. तो म्हणाला, "बघू. मी बोलतो त्यांच्याशी."

३० जानेवारी, गुरुवार

आज जुन्या पुठ्ठ्याच्या चौकटीची स्लाइड ओल धरून फुगली होती, ती ट्रेत अडकली. बाबा काळेठिक्कर पडले. कुणी ओढली तर फाटेल, आणि तिची दुसरी प्रत कुठेही नाही. मी भुवया कोरायचा चिमटा आणला आणि जराजराने सोडवली. शिशिर भाऊजी आणि यतीन, सायकलवर डबलसीट, दोघांचेही गुडघे फुटलेले. रात्री यतीनला दाखवली तर तो म्हणाला, "सेक्टर सतरात स्कॅन करून देतात, सगळं पेनड्राइव्हवर येईल." मी भडकले. म्हटलं, स्कॅन करणारा त्या बुरशीच्या डागांसकट करेल आणि कडा कापून टाकेल. मग लक्षात आलं की हे वाक्य परवा बाबांनी म्हटलेलं आहे.

बुरशी लागलेल्या स्लाइड्स मऊ ब्रशने पुसायचं काम आता माझ्याकडे आलंय. मी मागितलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा डबा. डिसेंबर २००६.

तो रोल मला आठवतो. सांगलीत लग्न झालं, चंदीगडला आले, चौथ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी यतीनमार्फत निरोप पाठवला की उर्मिलेला गच्चीवर बोलाव. नखांत अजून हळद होती. मला वाटलं नव्या सुनेचा फोटो काढणार. केस विंचरले, पैठणी नेसले. वर गेले तर हातात तो पुठ्ठा दिला आणि म्हणाले, हलू नकोस. फोटो निघाला. पुठ्ठा परत घेतला. "झालं." मी खाली येऊन न्हाणीघरात रडले होते. अठरा वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही, यतीनलाही नाही. या घरात माझी किंमत काय ते मला त्या दिवशी कळलं असं मी धरून चालले होते.

आज ती स्लाइड भिंतीवर आली. चोवीस वर्षांची मी, पैठणी, ओठ मुडपलेले, हातात पुठ्ठा. मग बाबांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या त्या मुंगीच्या अक्षरांत तारीख, वेळ, उजेड, आणि पुढे: 'कार्ड: उर्मिला. वसुधा म्हणाली, आता हिला धरू दे. हात स्थिर.'

मी मागची पानं चाळली. तीस वर्षांच्या नोंदी. प्रत्येक ठिकाणी कार्ड: वसुधा. एकदा शिशिर भाऊजींना धरायला दिलं होतं, तिथे लिहिलंय, 'हलला.' यतीनच्या पुढेही 'हलला.' मग दुसऱ्या कुणालाच नाही, माझ्यापर्यंत.

अठरा वर्षांनी मला कळतंय की हात स्थिर होता. तेव्हा तोंडाने सांगायला काय झालं होतं? एक शब्द! पण नाही, रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर माळ्यावर टाकायचं. ही काय पद्धत झाली? आज स्वयंपाकात भाजीला दोनदा मीठ पडलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवसांवर आलं. बाबांची बॅग भरून दाराशी उभी आहे, येता-जाता मी तिला अडखळते.

आज भांडण झालं. बाबांचं आणि माझं. समोरासमोर. यतीन मध्ये उभा राहून टेनिस बघावं तसं बघत होता.

मी एवढंच म्हटलं होतं की यंत्र नीट गुंडाळून देते, हातातल्या सामानात न्या, बल्ब फुटायला नको.

बाबा म्हणाले, "ते इथेच राहील."

"इथे? पुण्याला काय बघणार मग?"

"शिशिरकडे भिंत नाही. सगळीकडे कपाटं आणि काच. मोकळी भिंत इथे आहे."

"म्हणजे तुम्ही बघणार नाही आहात? मग विकत कशाला घेतला?"

"मी बघितलंय ते सगळं, काढताना," ते म्हणाले. "मी गेल्यावर तुम्हाला आईला बघावंसं वाटलं तर. इरा मोठी झाली, तिला वाटलं तर. म्हणून तुला शिकवलं. या घरात तूच नीट करशील."

माझं डोकं एकदम गरम झालं. सहा आठवडे माझ्या रजया खिडकीला टांगून, माझ्या कॉप्या तशाच ठेवायला लावून, हा माणूस जाताना भांडी वाटून द्यावीत तसं सगळं मला सोपवत होता आणि मला सांगतही नव्हता! मी ओरडले. म्हटलं, "मला विचारलंत का? मला हवंय का ते? आणि मग जाताय कशाला, एवढं सगळं इथेच ठेवायचं असेल तर? थंडी, थंडी! धुक्यात बिनटोपीचे फिरता ते?"

"थंडी मला आवडते," बाबा म्हणाले. मग ओशाळल्यासारखे झाले आणि खोलीत गेले.

यतीन म्हणाला, "उर्मिला, बीपी."

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस बाबांशी बोलणं नाही. म्हणजे पुन्हा 'बाबा, चहा'.

यतीनला धरलं. "थंडीचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"बाबांनीच."

"कधी?"

त्याने आठवलं. "ऑक्टोबरमध्ये. दसऱ्यानंतर. तुझं-माझं बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, कुणाला काही सांगायलाच लागलं नाही."

"कुठलं बोलणं?"

"तूच नाही का म्हणालीस, बाबा दादाकडे गेले तर बरं होईल."

मी म्हटलं, मी असं म्हणणंच शक्य नाही. त्याने टीव्ही बंद केला. त्याच्या टीव्ही बंद करण्याने मला आठवलं. इराचे टर्मचे मार्क आले होते. पाहुणे येऊन गेले होते. पाठ दुखत होती, आणि बाथरूम पाऊण तास बाबांकडे होतं. म्हणाले होते मी. चिडून म्हणाले, पण त्या दिवशी ते खरंच होतं, आणि नंतर मी ते परत घेतलं नाही. बाबांचं जायचं ठरलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. इथे तरी खोटं कशाला?

योगायोग विचित्र आहे खरा. मी बोलले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पुण्याला जावंसं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

इराला विचारलं, आजोबा गेल्यावर खोली कशी लावायची.

"मम्मा, खोली चाहिए मुझे, ऑफकोर्स चाहिए," ती म्हणाली. "पर आजोबा को क्यों निकाल रहे हो? अपना रूम दे दो न. पापा तो वैसे भी सोफे पे टीवी देखते-देखते सो जाते हैं."

निकाल रहे हो म्हणे. चौदा वर्षांची मुलगी. मी म्हटलं, कुणी काढत नाहीये, आजोबांनी स्वतः ठरवलंय. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलांकडे बघते.

आमच्या खोलीत माझं टेबल आहे. दार लावून पंधरा मिनिटं पडता येतं, अशी घरातली ती एकच जागा. ती द्यायची आणि हॉलमध्ये झोपायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी? मुलीला बोलायला काय जातंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉल मोजला. सोफा-कम-बेड बसतो. माझं टेबल बाल्कनीच्या दाराशी जाईल, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. यतीनला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही. ठरलंय. मी तुला विचारत नाहीये."

"मग बाबांशी मी बोलतो," तो म्हणाला.

"नाही. तू नाही बोलायचंस."

२२ फेब्रुवारी, शनिवार

शाळेतून आले, पर्सही न ठेवता बाबांच्या खोलीत गेले. तीन वर्षांत त्या खोलीत मी झाडू मारला, चादरी बदलल्या, पण बसले कधी नव्हते. आज पलंगाच्या कडेवर बसले. बाबा उद्याचे कपडे इस्त्री करून ठेवत होते.

"बाबा, बोलायचंय."

"यतीन झोपलाय वाटतं?"

"मला तुमच्याशीच बोलायचंय." पुढचं मी घोकून आले होते, ते एका दमात म्हटलं. "ऑक्टोबरमध्ये मी यतीनला म्हणाले होते, बाबा भाऊजींकडे गेले तर बरं होईल, इराला खोली मिळेल आणि मलाही जरा मोकळं वाटेल. हे माझे शब्द आहेत. यतीनने तुम्हाला सांगितलं नाही, पण मी म्हणाले होते. ते तुम्हाला माहीत नसताना तुम्ही जाणं बरोबर नाही."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. "माहीत आहे," ते म्हणाले.

"यतीनने सांगितलं?"

"नाही. ही भिंत साडेचार इंची आहे."

मग म्हटलं, "आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही थंडीचं..."

"कधीतरी तुला ते माझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. तुला ते जड गेलं असतं. मी आधी म्हटलं तर प्रश्नच मिटला."

"मला विचारायचंत तरी! भांडायचंत!"

"काय विचारायचं? तू खरंच बोलत होतीस." त्यांनी शर्टाची घडी घातली, ती मनासारखी आली नाही म्हणून पुन्हा उलगडली. "आता काय म्हणतेस?"

"जाऊ नका."

"आणि इराची खोली?"

"आमची खोली तिला. आम्ही हॉलमध्ये. यतीनला सांगून झालंय."

त्यांनी शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी दया येऊन म्हणत असशील तर नको."

त्याबरोबर माझा इतका संताप झाला. "दया?" मी म्हटलं. "बाबा, सात आठवडे मला तुमचा नुसता राग येतोय. बल्बचा येतोय, रजयांचा येतोय, रजिस्टरात लिहून ठेवता आणि तोंडाने बोलत नाही त्याचा तर सगळ्यात जास्त येतोय. दया यायला वेळ कुठे होता मला? तुम्ही मला हवे आहात. साडेतीनला घरी आले की तुम्ही त्या खुर्चीत असायला हवे आहात. एवढंच आहे. याहून नीट मला सांगता येत नाही."

बाबांनी मान हलवली. मोजमाप पटल्यावर हलवतात तशी, एकदाच. मग म्हणाले, "शिशिरला मी सांगतो. कुणामार्फत नको." फोन घेऊन ते आमच्या खोलीत गेले, रेंज तिकडेच येते. मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसून राहिले, हातात पर्स तशीच.

"शिशिर, मी उद्या येत नाही," बाबा म्हणाले. "नाही, तब्येत बरी आहे... नाही, कुणी अडवलं नाही. उर्मिलेला मध्ये आणू नकोस. मलाच यायचं नाही. मला इथे राहायचंय."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आला. मग त्यांनी नाक शिंकरलं, तेही आलं.

त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. शब्द न् शब्द, बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा. आणि मी त्या दिवशी हळू आवाजात बोलले नव्हते.